दिवाणजीने ठरवलेले नाते

माझ्या आईला मी लुबाडते आहे, ही बातमी मला माझ्याच हिशेबाच्या सॉफ्टवेअरने दिली.

मी तेव्हा मिरजेच्या एका दवाखान्यात, आईच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. आदल्या दिवशी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी ती काढली, जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. सगळे आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात घालवलेल्या बाईच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. आणि माझ्या फोनवर निरोप आला होता: 'श्रीमती निर्मला तांबट यांच्या खात्यातून आपल्याकडे येणारा पैशाचा ओघ संशयास्पद आढळला आहे. त्या असमर्थ असेपर्यंत आपल्याला त्यांच्याविषयी कोणताही निर्णय घेता येणार नाही. आपला दिवस शुभ जावो.'

पाठवणारा होता दिवाणजी. ज्यांच्या घरात हा गृहस्थ अजून शिरला नसेल, त्यांच्यासाठी त्याची ओळख करून देते.

पूर्वी लोक बँकेकडून महिन्याचे व्यवहार उतरवून घेत आणि आपल्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये ओतत. मग एकेका ओळीसमोर स्वतः लिहीत की हा किराणा, ही वीज, हे पोरांच्या क्लासचे. कंटाळवाणे काम होते. पुढे बँका थेट जोडल्या गेल्या आणि व्यवहार आपोआप येऊन पडू लागले. मग वर्गवारीही यंत्रच करू लागले. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. रविवारची एक कटकट गेली, एवढेच मला वाटले.

त्यानंतर दिवाणजी आला आणि त्याला हेतू कळू लागला. पैसे एका खात्यातून जातात तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात येतात. दोन्ही खात्यांचे व्यवहार आयात केले आणि या दोन बाजू जुळवल्या, की दोन माणसांमध्ये एक रेघ मिळते. दिवाणजीने अशा कोट्यवधी घरांच्या रेघा वाचल्या. आई मुलाला पैसे कधी आणि कसे पाठवते, मालक नोकराला कसे, सावकार कसे वसूल करतो, हे तो त्यातून शिकला. आता तुमची रेघ कुठल्या नमुन्याशी जुळते ते पाहून तो तुम्ही कुणाचे कोण हे ठरवतो. जन्मदाखला विचारत नाही. दाखले खोटे निघतात, पैसे खोटे बोलत नाहीत, असे त्याच्या जाहिरातीत ठणकावून सांगतात.

त्याने ठरवलेला हेतू मग बँकेकडे परत जातो, तिथून विम्याकडे आणि दवाखान्याकडे. म्हाताऱ्या माणसांना घरचेच लुटतात म्हणून सरकारने नियम केला की, ज्याच्यावर दिवाणजीने संशयाची खूण केली आहे त्याच्या ताब्यात आजारी म्हातारा द्यायचा नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. लुटणारे असतातच, मी पाहिलेले आहेत.

पण मी सांगलीच्या एका प्रयोगशाळेत हळद तपासते. पुडीत रंग किती, पीठ किती, हे आमचे यंत्र बिनचूक सांगते. तो रंग कुणी आणि कशासाठी घातला, हे ते सांगत नाही आणि आम्ही त्याला विचारतही नाही. दिवाणजीला मात्र लोकांनी तेही विचारले, आणि तो बिनदिक्कत सांगत सुटला.

आता आईचे सांगते.

बाबा गेल्यावर वर्षभर ती एकटी राहिली. मग न्हाणीघरात पडली, तेव्हा मी तिला आमच्याकडे घेऊन आले. यायला ती तयार नव्हती. लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाही असे मानणाऱ्या घरातली ती. आली ती अट घालून. "लेकीच्या घरचं फुकटचं मला गिळायचं नाही. जेवढं खाईन तेवढं देईन." मला वाटले, आठवडाभरात विसरेल. पण आई विसरणाऱ्यांतली नव्हती. जेवून हात धुतले, की चष्मा लावून ती फोन घेऊन बसायची आणि माझ्या खात्यात पैसे टाकायची. त्यापुढे लिहायची, 'जेवण'. सकाळी 'चहा', रात्री 'दूध'. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी आणल्या, तर पिशवी खाली ठेवायच्या आत माझा फोन वाजायचा.

मी भांडले, रडले. एका रविवारी चिडून मी तिचे पैसे परत पाठवले. तिने पुन्हा मला पाठवले. मी पुन्हा तिला. दुपारभर तीच रक्कम दोघींच्या खात्यांत येरझाऱ्या घालत होती आणि आम्ही एकाच घरात, दोन खोल्यांत, तोंडे फुगवून बसलो होतो. शेवटी मीच हरले. श्रीरंगने, माझ्या नवऱ्याने, हे सगळे थट्टेवारी नेले. आई, आज पुरणपोळी आहे, दर वेगळा पडेल, असे तो तिला म्हणायचा. आणि ती गंभीरपणे विचारायची, किती?

माझा धाकटा भाऊ पराग बंगळूरला असतो. तो दर महिन्याला आईला पैसे पाठवायचा आणि ते ती बिनबोभाट घ्यायची. मुलाचे ते हक्काचे. मुलीने मात्र रात्री उठून पाय चेपले तरी तिच्या हातचे दूध विकतचे. हे मला लागायचे. फार लागायचे. पण म्हातारीशी किती भांडायचे, म्हणून मी पैसे घेत गेले.

दिवाणजीने यातले काय पाहिले? मुलगा आईला पैसे देतो, म्हणजे तो पालनकर्ता. आईच्या खात्यातून एका बाईकडे रोज, दिवसातून चारदा पैसे जातात, आणि एक रविवार सोडला तर त्या बाईकडून आईकडे काहीच येत नाही. मी बाजारात केलेला खर्च माझ्याच घरचा म्हणून नोंदला गेलेला, कारण सामान माझ्या पत्त्यावर येत होते. आणि त्या रविवारच्या येरझाऱ्या? त्यांच्यापुढे त्याने लिहिले होते, 'पैशाचा माग पुसण्याचा प्रयत्न.'

दवाखान्यात ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी एक अधिकारी नेमलेली असते. तिथे शबाना मुल्ला म्हणून एक तिशीतली बाई होती. तिने मला हे सगळे पडद्यावर दाखवले, आवाज न चढवता. मी म्हणाले की, हे जेवणाचे पैसे आहेत, समोर लिहिलेले आहे. ती म्हणाली की, समोर काय लिहिले त्याला दिवाणजी फारसे महत्त्व देत नाही, लोक काहीही लिहितात. मी विचारले, मग विचारा ना माझ्या भावाला. ती म्हणाली, विचारले आहे, त्यांनी हरकत घेतलेली नाही.

मी बाहेर येऊन परागला फोन लावला. मला वाटले होते तो हसेल, मग चिडेल, आणि दोघे मिळून या दिवाणजीचे कान उपटू.

"ताई, मला हे नवीन नाही," तो म्हणाला. "दिवाणजीनं मला दोन वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. मी म्हटलं, असू दे. तुला गरज असेल. श्रीरंगच्या कारखान्याचं तेव्हा बरं चाललं नव्हतं ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षे हा मला क्षमा करत होता. भाऊबीजेला आला, ओवाळून घेतले, माझ्या हातचे जेवून तृप्त झाला, आणि आईच्या पेन्शनवर डल्ला मारणाऱ्या बहिणीला त्याने मोठ्या मनाने पोटात घातले. चोर म्हणाला असता तर मी भांडले तरी असते. मी विचारले, एकदा फोन करून विचारावेसे वाटले नाही का? तो म्हणाला, विचारणार काय, सगळे समोरच होते. मग त्याने सांगितले की, पुण्याच्या एका सेवानिवासात त्याने आईसाठी खोली ठरवली आहे. परिचारिका आहेत, व्यायाम करून घेतात, खिडकीतून टेकडी दिसते. पैसे तो भरणार होता. त्याचा हेतू चांगला होता, हे मला दिवाणजीने सांगायची गरज नव्हती. पण बोलता न येणाऱ्या आईला ओळखीचा एक चेहरा नसलेल्या खोलीत टाकायचे, हे मी होऊ देणार नव्हते.

मी शबानाकडे परत गेले आणि मार्ग विचारला. मार्ग एकच होता. पैसे देणाऱ्याने स्वतः हेतू सांगितला, तर दिवाणजीला तो मानावा लागतो. आईला बोलता येत नव्हते तरी समजत सगळे होते, तशी डॉक्टरांनी खात्री करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिला उशांना टेकवून बसवले, चष्मा लावला आणि डाव्या हाताशी पडदा धरला. एकेक व्यवहार येणार, खाली चार बटणे. भेट. कर्जफेड. सेवेचा मोबदला. दबाव.

भेट दाबले की झाले. मी तेवढे म्हणायला तोंड उघडले, तोच शबानाने मला हात करून थांबवले. शेजारून सुचवले तर तोच दबाव धरला जातो म्हणे.

आईने चारही शब्द नीट वाचले. भेटीवर बोट नेले आणि मान हलवली. ती भेट नव्हतीच. आयुष्यात कधी पेपरात अर्धा गुण वाढवून न दिलेली बाई, इथे खोटे कशाला दाबेल? कर्जफेडीवर तिने नुसते ओठ मुडपले. दबावापाशी तिचे बोट थांबले. मग ते तिथून उठले आणि तिने ठामपणे दाबले, सेवेचा मोबदला. पुढचा व्यवहार आला, तेच. त्याच्या पुढचा, तेच. वह्या तपासाव्यात तशी ती भराभर दाबत गेली. संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिले. चेहऱ्यावर समाधान होते. एकदाचा हिशेब चोख झाला होता.

मला तिथल्या तिथे ओरडावेसे वाटले. इतका वेळ मी दिवाणजीवर जळत होते. त्याने चूक कुठे केली होती? तीन वर्षे आई मला हेच सांगत होती, रोज चार वेळा, आणि मी तो तिचा नुसता हट्ट समजत होते. माझी चाकरी ती विकत घेत होती. यंत्राने फक्त तिचे म्हणणे ऐकून घेतले होते.

दिवाणजीने नव्याने जुळवणी केली. पडद्यावर आले: 'वृषाली सावर्डेकर. घरगुती सेवा पुरवणारी. नातेसंबंध आढळला नाही.' आई लेकीला रोजच्या जेवणाचे पैसे देते, असे त्याने वाचलेल्या घरांत कुठे दिसत नव्हते. म्हणून ही लेक नव्हे. माझ्यावरची खूण गेली होती.

शबानाने दार लोटून घेतले आणि मला समजावले. सेवा पुरवणारीची निवड पेशंटने स्वतः केलेली असेल, तर करार करून पेशंटला घरी नेता येते, मुलाची हरकत असली तरी. फक्त ती नात्यातली असता कामा नये. मागे कित्येक मुलांनी स्वतःलाच नोकर दाखवून आईबापांची पेन्शन खाल्ली होती, म्हणून ही अट.

"पण मी तिची मुलगी आहे," मी म्हणाले.

"मॅडम, ते मला दिसतंय. तुमची हनुवटीसुद्धा त्यांचीच आहे. पण मी इथं मुलगी लिहिलं, तर त्यांना पुण्याला न्यायची गाडी मला बोलवावी लागेल."

मी सही केली.

आई घरी आली. तिची खाट आम्ही पुढच्या खोलीत, रस्ता दिसेल अशी लावली. तिला आता फोन हाताळता येत नव्हता, पण त्याने काही अडले नाही. रोज संध्याकाळी दिवाणजी तिच्या वतीने माझा मोबदला माझ्या खात्यात टाकायचा आणि मला 'स्वीकारले' दाबावे लागायचे. नाही दाबले, तर करार मोडला असे धरून पेशंटला हलवले जाणार होते. एका संध्याकाळी आईला भरवत होते, हात बरबटलेले होते, तर लगेच सूचना आली. मी हात न धुताच दाबले.

तिचे शब्द हळूहळू परत यायला लागले. वाचा शिकवायला एक बाई येत. चित्रे दाखवत आणि म्हणवून घेत. आधी 'नको' आला. मग 'पाणी', 'कप', 'गाय'. एका दुपारी बाईंनी सहज माझ्याकडे बोट दाखवून विचारले, ही कोण? आई बराच वेळ ओठ हलवत राहिली आणि म्हणाली, "लेक."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. इतकी वर्षे ज्या शब्दासाठी मी आसुसले होते तो आला, आणि आता तोच मला नको होता. कारण महिन्याला एक पडताळणी असते. पडद्यावरून अधिकारी पेशंटला विचारते, ही तुमची कोण? बोलता येत नसेल तर चालते. बोलता येत असेल तर उत्तर द्यावेच लागते. आई लेक म्हणाली की नाते सिद्ध, करार रद्द, जुनी खूण परत, आणि आई पुण्याला.

त्या दिवसापासून मी आईला शिकवू लागले. कपाचे चित्र, म्हण कप. गाईचे चित्र, म्हण गाय. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, म्हण बाई. ती म्हणायची, लेक. पुन्हा, बाई. पुन्हा, लेक. एकदा मी तिच्या अंगावर ओरडले. आजारी आईने मला लेक म्हटले म्हणून मी तिला रागावले, याची मला आजही लाज वाटते, आणि ज्यांनी ही वेळ आणली त्यांना वाटत नाही याचा संताप येतो.

मग मी चित्रे बाजूला ठेवली आणि तिला सगळे सांगितले. तिने पैसे दिले म्हणून मी तिची कोणी उरले नाही, आणि कोणी उरले नाही म्हणूनच ती इथे राहू शकते. लेक म्हणालीस तर तुला घेऊन जातील. ती ऐकत होती. तिला समजत होते, डोळ्यांत दिसत होते.  त्यानंतर विचारले की ती स्पष्ट म्हणायची, बाई. श्रीरंगने विचारले तरी बाई. जेवताना, निजताना, केव्हाही. आता काही भीती नाही, असे श्रीरंग म्हणाला. मीही मान डोलावली, पण त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पडताळणीच्या दिवशी आईला नवे पातळ नेसवले आणि केस विंचरून दिले. पडद्यावर शबाना आली. नाव, गाव, औषधे वेळेवर मिळतात का, सगळे झाले. आईने मानेनेच उत्तरे दिली.

"आणि आजी, या तुमच्या कोण?"

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी ओठांनीच, आवाज न करता, बाई म्हणाले. तिने ते पाहिले, मला खात्री आहे. मग ती पडद्याकडे वळली.

"लेक."

 शबानाने, देव तिचे भले करो, पुन्हा विचारले. "आजी, नीट आठवून सांगा. या तुमचं काम करणाऱ्या बाई ना? तुम्ही त्यांना पैसे देता ना?"

आईने डावा हात उचलला आणि पडद्यासमोर आडवा हलवला. "नको," ती म्हणाली. "पैसे नको." एवढे दोन शब्द जोडायला तिला घाम फुटला होता. मग माझ्या मनगटाला धरून तिने मला खाटेवर बसवले. "लेक. माझी."

मी तिच्या खांद्यावर डोके ठेवून मोठमोठ्याने रडले. तिला सगळे समजले होते. समजून तिने हे केले होते. पुण्याला जावे लागले तरी चालेल, पण मला बाई म्हणायचे नाही, असे तिचे तिने ठरवले होते. वर्षानुवर्षे मी दिलेल्या दुधाची किंमत मोजणाऱ्या माझ्या हट्टी आईने.

दुपारी परागचा फोन आला. निर्णयाचा अधिकार परत त्याच्याकडे गेला होता. ताई, माझाही नाइलाज आहे, नियमाप्रमाणे गाडी मागवावी लागते, उद्या सकाळी येईल, असे तो म्हणाला. आवाज पडलेला होता.

"गाडी पाठव," मी म्हणाले. "पण बरोबर तूही ये. तू आत आल्यावर आई तुला नाव घेऊन हाक मारील, तेवढं तिला आता येतं. त्यानंतर तुझ्या हातानं तिला उचल आणि ने. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

  एवढे सांगून मी फोन बंद केला.

तो येईल की नाही, मला माहीत नाही. मी प्रयोगशाळेत रजा कळवली आहे. श्रीरंगही कारखान्यात गेलेला नाही. संध्याकाळी दिवाणजीने आईचे पैसे, करारातले शेवटचे, पाठवले आणि 'स्वीकारले'ची सूचना आली. मी ती तशीच राहू दिली आणि आईला आमटीभात भरवला. तिने सगळा खाल्ला, आणखी मागितला.

आता उजाडले आहे. फाटकापाशी गाडी येऊन उभी राहिली आहे, आणि खाटेवरून आईलाही ती दिसते आहे. आतून कडी लावून मी तिच्याजवळ बसले आहे. त्यांनी कितीही वेळ बेल वाजवली, तरी परागचा आवाज ऐकल्याशिवाय मी दार उघडणार नाही.